टॅप-ड्रिल सेटच्या झाकणावरचा चुकीचा तक्ता मागे घेण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय : एम ३ ते एम १२ टॅप-ड्रिल सेटमधील चार ड्रिलची मापे चुकीची असल्याबाबत

महोदय,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून येणारे बीडाचे (कास्ट आयर्नचे) जॉब मशीन करणे, पंपांची दुरुस्ती आणि मागणीप्रमाणे फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी साधने) बनवणे ही आमची रोजची कामे. आपल्या कंपनीचा टॅप (होलमध्ये आटे पाडणारे हत्यार) आणि ड्रिलचा सेट मी इथल्याच विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला. बिलाची प्रत आणि डब्याच्या झाकणाचा फोटो सोबत जोडला आहे.

टॅपच्या मालाबद्दल माझी तक्रार नाही. धार चांगली आहे आणि बीडात, एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) ते व्यवस्थित चालतात. माझी तक्रार झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्याबद्दल आहे, आणि त्या तक्त्याबरहुकूम डब्यात ठेवलेल्या ड्रिलबद्दल आहे. कोणत्या टॅपला कोणते ड्रिल वापरायचे हे सांगणाऱ्या सात ओळींपैकी चार ओळी चुकीच्या आहेत.

तक्ता सांगतो (एम म्हणजे मेट्रिक आटा, पुढचा आकडा आट्याच्या बाहेरच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये) : एम ३ ला २.५, एम ४ ला ३.५, एम ५ ला ४.०, एम ६ ला ५.०, एम ८ ला ६.५, एम १० ला ८.५ आणि एम १२ ला १०.० मिलिमीटर. यातली एम ३, एम ६ आणि एम १० ची मापे बरोबर आहेत. बाकीच्या चारांना अनुक्रमे ३.३, ४.२, ६.८ आणि १०.२ चे ड्रिल लागते. आट्याच्या बाहेरच्या व्यासातून पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) वजा करायचा, उरेल ते ड्रिलचे माप, हा हिशेब आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या कोणत्याही मुलाला येतो. एम ५ चा पिच ०.८, म्हणून ४.२. एम ८ चा पिच १.२५, म्हणून ६.७५, आणि त्याला जवळचे सहज मिळणारे ड्रिल ६.८ चे.

चुकलेल्या चारही मापांमागे एकच कारण दिसते. आपल्या डब्यातली ड्रिल अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात. ज्या आट्याचे माप नेमके अर्ध्या मिलिमीटरवर येते तिथे तक्ता बरोबर आहे, जिथे येत नाही तिथे चुकला आहे. ३.३ डब्यात नव्हते म्हणून ३.५ लिहिले. ४.२ नव्हते म्हणून ४.० लिहिले. म्हणजे हा तक्ता आट्यांचा हिशेब करून बनवलेला नाही, हाताशी जी ड्रिल होती त्यांना जुळवून बनवला आहे. छपाईची चूक मी समजू शकलो असतो. ही छपाईची चूक नाही आणि म्हणूनच मी हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आता या मापांनी काय होते ते सांगतो.

आमच्याकडे ईएन ८ ची (मध्यम कार्बनच्या पोलादाची) एक फिक्स्चर प्लेट होती. दोन्ही बाजू ग्राइंड झालेल्या, डॉवेलची होल रीमर मारून तयार, फक्त एम ५ चे ब्लाइंड (आरपार नसलेले) होल बाकी. शॉपमधल्या ॲप्रेंटिस मुलाने झाकणावर पाहिले, ४.० चे ड्रिल काढले, मारले आणि टॅपिंगला घेतले. टॅप सरळ लागावा म्हणून ड्रिल मशीनच्या स्पिंडलमधल्या सेंटरचा आधार दिला होता, कटिंग ऑइल भरपूर होते, आणि अर्धा फेरा पुढे घेऊन पाव फेरा मागे घ्यायची सवयही त्याला आहे. तरी क्रमाने घालायच्या टॅपपैकी पहिल्या टॅपलाच हँडल जड जाऊ लागले. बाहेर आलेली चिप मी बोटांत धरून पाहिली. नेहमीसारखी सुटी, वळलेली नव्हती. चेपून चकचकीत झाली होती, म्हणजे टॅपच्या खाचांत तिला मावायला जागाच मिळत नव्हती. दुसरा टॅप घातल्यावर तो होलमध्ये पृष्ठभागाच्या खाली तुटला.

तुटलेला टॅप चिमट्याने निघत नाही हे आपल्याला माहीत आहे. एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) टॅप साध्या ड्रिलनेही निघत नाही. प्लेट स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणाऱ्या यंत्रावर) पाठवावी लागली. तांब्याच्या इलेक्ट्रोडने टॅपचा गाभा जाळून काढला आणि खाचांमधले उरलेले तुकडे स्क्राइबरने एकेक करून उचकटले. प्लेट वाचली, पण गिऱ्हाइकाला दिलेली तारीख टळली आणि स्पार्कचा खर्च माझ्या अंगावर पडला.

४.० आणि ४.२ मध्ये मिलिमीटरचे दोन दशांश एवढाच फरक. आपल्या ग्राहक सेवेतील व्यक्तीने फोनवर नेमके हेच सांगितले की, "इतक्याने काही होत नाही." होते. ४.२ च्या होलमध्ये आट्याच्या पूर्ण खोलीच्या सुमारे ७७ टक्के आटा पडतो. ४.० च्या होलमध्ये तो सुमारे ९६ टक्क्यांवर जातो. त्याने बोल्टची पकड फारशी वाढत नाही, पण टॅप फिरवायला लागणारा जोर खूप वाढतो आणि लहान टॅपला तो पेलवत नाही. शिवाय आयएस ४२१८ हे मेट्रिक आट्यांचे भारतीय मानक आहे. त्यातल्या ६एच या नेहमीच्या टॉलरन्समध्ये (मापातल्या मान्य फरकाच्या श्रेणीत) एम ५ च्या आतल्या व्यासाची हद्द ४.१३४ ते ४.३३४ आहे. आपले ४.० त्या हद्दीच्या खालीच पडते. एम ८ ची हद्द ६.६४७ ते ६.९१२, आपण देता ६.५. एम १२ ची १०.१०६ ते १०.४४१, आपण देता १०.०. फोनवर दोन दशांश लहान वाटतात, मानकाच्या हद्दीत मात्र एम ५ ची सगळी मोकळीकच दोन दशांशांची आहे.

एम ४ चे उलटे झाले आहे आणि ते मला जास्त घातक वाटते. इथे ३.३ ऐवजी ३.५ चे ड्रिल दिल्यामुळे होल मोठे होते, टॅप लोण्यासारखा सहज फिरतो आणि काम छान झाले असे वाटते. आटा मात्र जेमतेम ५५ टक्के पडलेला असतो. हद्द ३.४२२ वर संपते, तेव्हा गेजवर होल नापास होणारच. पितळेच्या एका जॉबमध्ये आमचे असेच झाले. गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्शनला आतला व्यास तपासणाऱ्या साध्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायला नको ती, अलगद आत गेली आणि लॉट परत आला. टॅप तुटला तर निदान तिथल्या तिथे कळते. पोकळ आटा कळतो तो स्क्रू आवळताना, कधी कधी तर यंत्र चालू असताना.

आपल्याकडून ई-मेलने जे उत्तर आले त्यात तीन गोष्टी होत्या : कटिंग ऑइल वापरले नसावे, टॅप तिरका गेला असावा, आणि तुटलेल्या टॅपला वॉरंटी लागू नाही. पहिल्या दोन शक्यतांचे उत्तर वर दिले आहे. तिसऱ्याबद्दल सांगायचे तर मी टॅपचे पैसे मागितलेलेच नव्हते. मी विचारले होते की तक्त्यात ४.० का छापले आहे. त्यावर उत्तरात एक अक्षरही नाही.

तक्त्यात आणखीही त्रुटी आहेत. त्यात पिच कुठेच लिहिलेला नाही, नुसते "एम १०" असे आहे. सेटमधला टॅप एम १० × १.५ चा आहे, त्याला ८.५ बरोबर. पण गाड्यांच्या कामात एम १० × १.२५ सर्रास लागतो, त्याला ८.८ चे ड्रिल घ्यावे लागते, आणि एम १० × १ ला ९.० चे. गॅरेजवाला बारीक आट्याचा टॅप सुटा विकत आणतो आणि ड्रिलसाठी हाच डबा उघडतो. त्याला हा तक्ता ८.५ सांगणार आणि त्याचाही टॅप जाम होणार. पिचचा एक रकाना वाढवला की हे टळते.

याहून गंभीर बाब फॉर्म टॅपची. ॲल्युमिनियमसाठी आपण जे फॉर्म टॅप सुटे विकता त्यांच्या पाकिटावर ड्रिलच्या मापासाठी सेटवरचा तक्ता पाहा असे छापले आहे. फॉर्म टॅप धातू कापत नाही. तो धातू दाबून सरकवतो आणि त्यातून आटा उभा करतो. त्यामुळे त्याला होल मोठे लागते. अंदाजाने, बाहेरच्या व्यासातून पिच अर्धाच वजा करायचा. एम ६ × १ ला कापणाऱ्या टॅपसाठी ५.०, पण फॉर्म टॅपसाठी ५.५ च्या आसपास. एम ८ ला ६.८ च्या जागी ७.४. आपल्या सूचनेप्रमाणे कोणी ५.० च्या होलमध्ये एम ६ चा फॉर्म टॅप घातला, तर सरकलेल्या धातूला जायला जागाच राहत नाही. टॅप अडकतो किंवा मोडतो, आणि ॲल्युमिनियमची महागडी कास्टिंग त्याच्यासकट जाते. मी पाकीट उघडण्याआधी हे ओळखले, कारण हे काम मी आधी केलेले आहे. पाकिटावरची सूचना मात्र ज्याने ते केलेले नाही त्याच्यासाठीच असते. तिच्यात बीडाचा उल्लेखही हवा. बीड ठिसूळ, त्यात फॉर्म टॅप चालतच नाही. कोल्हापुरात माल विकताना एवढे तरी छापायलाच हवे.

शेवटची गोष्ट ड्रिलच्या धारेची. एम १० चे माप तक्त्यात बरोबर आहे, पण डब्यातल्या ८.५ च्या ड्रिलच्या दोन धारा सारख्या लांबीच्या नाहीत. ड्रिल चालू केल्यावर एकाच खाचेतून चिप येते, दुसरी जवळपास कोरडी राहते. होल व्हर्नियरने मोजले तर ८.७ च्या पुढे जाते. एम १० ची वरची हद्द ८.६७६ आहे. आमच्याकडे ग्राइंडर आहे, पॉइंट गेज आहे, आम्ही धार लावून घेतली. पण नव्या कोऱ्या ड्रिलला आधी धार लावायची, तर नवे घ्यायचे कशाला?

हा सेट कोण घेतो याचा आपण विचार करावा. मोठ्या कारखान्यात प्रोसेस शीट असते, टूल रूम असते, तिथे कोणी झाकण वाचून ड्रिल निवडत नाही. झाकण वाचतो तो नुकता कामाला लागलेला मुलगा, गावातला वेल्डर, शेतीची अवजारे दुरुस्त करणारा, घरी छंद म्हणून काम करणारा. त्यांच्यासाठी छापील आकडा म्हणजे खात्रीचा आकडा. टॅप तुटला की ते स्वतःच्या हाताला दोष देतात. आमच्या त्या मुलानेही तेच केले. मी त्याला हिशेब मांडून दाखवला तेव्हा कुठे त्याच्या मनातली धास्ती गेली. ज्याला असा हिशेब दाखवणारा कोणी शेजारी नाही, तो चुकीचे माप तोंडपाठ करून पुढची कित्येक वर्षे काम करील, आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही तेच देईल. या एका गोष्टीसाठी मला हा विषय सोडून द्यायचा नाही.

त्यामुळे माझी पहिली मागणी अशी की चुकीचा तक्ता असलेले सेट विक्रेत्यांकडून मागे घ्यावेत, किंवा निदान प्रत्येक डब्यावर दुरुस्त तक्त्याचे स्टिकर लावून मगच विकावेत. दुरुस्त तक्त्यात प्रत्येक टॅपपुढे पिच असावा, आणि कापणाऱ्या टॅपचे व फॉर्म टॅपचे ड्रिल वेगवेगळ्या रकान्यांत असावे. तो मराठीतही छापलात तर इथल्या शॉपमधल्या मुलांना फार उपयोग होईल. डब्यात अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याची ड्रिल न भरता टॅपला लागणारीच ड्रिल द्यावीत. ज्यांनी सेट आधीच घेतला आहे त्यांना ३.३, ४.२, ६.८ आणि १०.२ ही चार ड्रिल विनाशुल्क मिळावीत, आणि ती कुठून घ्यायची हे विक्रेत्यांच्या दुकानात लावावे. मला माझ्या सेटपुरती ती चार ड्रिल आणि नीट धार लावलेले ८.५ चे ड्रिल बदलून हवे. स्पार्कच्या खर्चाचे बिल जोडले आहे. त्याचे काय करायचे ते आपण ठरवावे, पण तक्त्याच्या बदल्यात ते मला नको.

या पत्राचे उत्तर आपल्या तांत्रिक विभागातील जबाबदार व्यक्तीकडून लेखी मिळावे. ग्राहक सेवेच्या ठरावीक मजकुराने माझे समाधान होणार नाही. मी स्वतः मशीनवर उभा राहून पोट भरतो. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाऱ्यालाही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ग्राहकच मानतो, आणि वापराच्या योग्य सूचनांची जबाबदारी उत्पादकावर टाकतो. समाधानकारक उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्या टॅपचे पोलाद चांगले आहे, तेव्हा ती वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तपासणीसाठी ८.५ चे ड्रिल मूळ स्थितीत हवे असेल तर त्याच विक्रेत्याकडे याच बॅचचे न उघडलेले सेट आहेत. बॅच क्रमांक झाकणाच्या फोटोत स्पष्ट दिसतो.

कळावे,

आपला ग्राहक,
मशीन शॉप चालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, झाकणावरील तक्त्याचा फोटो, फॉर्म टॅपच्या पाकिटाचा फोटो, स्पार्क मशीनच्या कामाचे बिल, आपल्या ई-मेल उत्तराची प्रत.