मुलग्यांच्या वाढलेल्या छातीची शस्त्रक्रिया रत्नागिरीत का होऊ नये? सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

सरकारी रुग्णालयांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. आता रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ राहते. ज्या विषयावर आमच्याकडे घरातसुद्धा कुणी तोंड उघडत नाही, त्यावर लिहिते आहे: मुलग्यांची वाढलेली छाती, म्हणजे गायनेकोमास्टिया.

वयात येताना पुष्कळ मुलांची छाती थोडी वाढते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत आपसूक बसते. काहींना औषधांमुळे, यकृताच्या किंवा थायरॉईडच्या दुखण्यामुळे, क्वचित अंडकोषातल्या गाठीमुळे हे होतं, म्हणून तपासणी आधी. पण ज्याच्या छातीतली स्तनाची ग्रंथी घट्ट होऊन बसली, त्याची जोर-बैठका काढून जात नाही. आमच्या शेजारचा एक तरुण वडिलांबरोबर बोटीवर खलाशी आहे. मे महिन्याच्या उकाड्यात बाकीचे उघड्या अंगाने जाळी ओढतात. याच्या अंगात शर्ट, आत घट्ट बनियन, त्याच्याही आत आईच्या जुन्या साडीची पट्टी आवळलेली. पट्टीखाली घामोळं पिकून जखमा झाल्या, तेव्हा ड्रेसिंगसाठी माझ्याकडे आला.

शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने त्याला पॅकेज सांगितलं. भूलतज्ज्ञ, बायोप्सी (काढलेल्या गाठीची तपासणी), नंतर छातीवर दाब देण्यासाठी घालायचं जाकीट, सगळं वेगळं. ते धरून आकडा लाखापुढे गेला. वडील बोटमालकाकडे उचल मागायला निघाले होते.

महोदय, याला लागतं काय? सलाइनमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळून छातीत सोडायचं, म्हणजे रक्तस्राव कमी होतो. मग तीन-चार मिलिमीटरच्या कॅन्युलाने, म्हणजे बारीक पोकळ नळीने, चरबी ओढायची. लायपोसक्शनचं, म्हणजे चरबी ओढायचं, यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर ६० मिलीची सिरिंज कॅन्युलाला जोडूनही चरबी निघते, हात तेवढे भरून येतात. घट्ट ग्रंथी मात्र ओढून येत नाही. ती स्तनाग्राभोवतालच्या काळ्या भागाच्या खालच्या कडेला छोटा छेद देऊन कापूनच काढावी लागते. त्यासाठी रक्त थांबवणारी विजेची कॉटरी हवी, ती प्रत्येक थिएटरात आहे. हत्यारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आहे, भुलेचं यंत्र आहे. जाहिरातींत झळकणारी लेझरची आणि अल्ट्रासाउंडची महागडी यंत्रं मी मागत नाही. कॅन्युलांचा एक संच, एक सक्शन यंत्र आणि दाब देणारी जाकिटं द्या. जाकिटं माणशी दोन द्या. ती चार-सहा आठवडे अंगावर ठेवायची असतात आणि आमच्या पावसाळ्यात धुतलेलं एक दोन-दोन दिवस वाळत नाही.

उरला प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचा. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं हे मला ठाऊक आहे, पण पेशंटला खात्यांशी काय देणंघेणं! दोन्ही खात्यांनी मिळून महिन्यातून एक दिवस मुंबईचा प्लास्टिक सर्जन इथे आणावा. इथले सर्जन त्याच्या हाताखाली शिकतील.

आणि ‘हे सौंदर्याचं काम’ म्हणून या मुलांना खिडकीवरून परत पाठवणं थांबवा. जीएसटीच्या नियमातसुद्धा जन्मजात दोष, वाढीतला बिघाड आणि इजा यांसाठीच्या प्लास्टिक सर्जरीला माफी आहे, १८ टक्के कर निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर. सरकारी मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तपासणीनंतर कोणाची शस्त्रक्रिया बसेल, याचं स्पष्ट परिपत्रक काढा आणि ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर मराठीत लावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, रत्नागिरी