बोर्डाच्या कोपऱ्यातला नंबर

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या पुरवणीत तो लेख आला होता ना, की स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी अधूनमधून रिब्रँडिंग केलंच पाहिजे, नाव बदला, लोगो बदला, नवीन ओळख तयार करा वगैरे, तो वाचून आधी हसू आलं मग जरा डोकंच फिरलं, कारण हा सगळा उद्योग मी २०१६ साली करून बसलोय आणि त्याचे पैसेही भरलेत. म्हटलं एक पत्र लिहूयाच. लांबलं तर कापा.

मी मालवणचा बोर्ड पेंटर. दुकानाचे बोर्ड, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, आणि मुख्य म्हणजे होड्यांची नावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात, पाऊस उघडीप देईल तसं नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नाव आणि बाजूला आयएनडी एमएच करून लांबलचक नोंदणी नंबर घालायचा, नारळी पौर्णिमेच्या आत सगळं वाळलं पाहिजे. तेव्हा जेवायला वेळ नसायचा. मग फ्लेक्स आला. सकाळी फाईल दिली की संध्याकाळी बोर्ड तयार, वर मालकाचा फोटो फुकट. आमचं काम निम्म्यावर आलं, मालवण कुडाळ कणकवलीतल्या कितीतरी पेंटरांनी ब्रश ठेवला आणि रिक्षा घेतली.

मी पण घाबरलो. भाचा पुण्यात असतो, तो म्हणाला, मामा, ‘आर्ट्स’ वगैरे नाव आता जुनं झालं, डिझाईन स्टुडिओ म्हणा. झालं! इंग्लिश नाव, दोन रंग एकमेकांत मिसळलेला गोल लोगो, गुळगुळीत कार्ड, वेबसाईट, आणि नवीन धंद्याला नवीन नंबर म्हणून नवीन सिम. सगळं मिळून ६० हजारांना पडलं. आणि पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक कोण आलं माहितीय? पासपोर्ट साईज फोटो काढायला दोन बायका. आमच्याकडे स्टुडिओ म्हणजे फोटोवालाच, त्यांची काय चूक.

पण खरा दणका वेगळाच होता. पेंटर लोक बोर्ड झाला की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव आणि फोन नंबर टाकतात. कितीतरी वर्षं मी हे सवयीने करत आलो, त्याला जाहिरात म्हणतात हे डोक्यातच आलं नाही. आचऱ्यापासून देवबागपर्यंत जिथे जिथे माझं अक्षर होतं तिथे माझा नंबर होता, आणि तो नंबर मी रिचार्ज न करता मरू दिला. कंपनी असा बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते, माझा कुठल्या तरी लांबच्या माणसाला गेला, बिचाऱ्याला म्हणे वर्षभर फोन येत होते की होडयेचा नाव कधी घालतलस. देवबागचा एक होमस्टेवाला शेवटी पेट्रोल पंपावर विचारत विचारत घरी आला, म्हणाला, "पेंटरा, तुझो नंबर लागणा नाय, आमका वाटला तू मुंबैक गेलस." तो गेल्यावर मी बराच वेळ ओटीवर बसून होतो.

मग काय, जुनं नाव परत घेतलं आणि छोटा डबा, दोन ब्रश, टर्पेंटाईन घेऊन स्कूटरवर निघालो, एकेक बोर्ड गाठून कोपऱ्यातला नंबर खोडून नवीन घालत. फुकट. आणि इथेच गंमत झाली बघा. दुकानासमोर माणूस ब्रश घेऊन उभा राहिला की लोक जमतात, चहा येतो, मालक म्हणतो आलाच आहेस तर हे वरचं अक्षर पण उजळ, शेजारचा म्हणतो माझा फ्लेक्स बघ कसा पांढरा पडला. समुद्राकडच्या उन्हात फ्लेक्सचे रंग उडतात आणि खारी हवा लोखंडी फ्रेम खाते, नीट अस्तर देऊन ऑइल पेंट मारलेला पत्रा त्याच्यापुढे कितीतरी जास्त टिकतो, हे मी दहा वर्षं सांगत होतो कोणी ऐकलं नाही, आता त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. वेबसाईटवरून एक काम आलं नाही, असा बोर्ड गाठत फिरलो त्या दोन महिन्यांत तेवीस आली.

म्हणजे मी बदललो नाही असं नाही हां. आता तारकर्लीचे होमस्टेवाले, कॅफेवाले लाकडाच्या फळीवर हाताने अक्षर मागतात, स्क्वेअर फुटाचा हिशोब सोडून मी कामाचा एकरकमी दर सांगतो, निम्मे आधी घेतो, पोरगी मोबाईलवर काम करतानाचे व्हिडिओ टाकते. २०२२ ला कायद्यात बदल झाला, दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही, त्याचीही कामं मिळाली. तरी काही जण कॉम्प्युटरवरून जोडाक्षरं तुटलेली मराठी छापून लावतात, ते बघून हात शिवशिवतात.

माझं म्हणणं एवढंच की लेखात नाव आणि काम यांची गल्लत झालीय. आपला हापूस बघा ना, लाकडी पेटी गेली पुठ्ठ्याचा बॉक्स आला, दलालाकडे जाणारा माल कुरिअरने थेट घरी जायला लागला, सगळं बदललं, नाव तेच राहिलं, आणि त्याच नावासाठी २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी मिळून जीआय घेतलं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येईल असं मानांकन. कोणी म्हणालं का की हापूस जुनाट वाटतं, काहीतरी ट्रेंडी ठेवा?

आणि नवीन धंदा काढणाऱ्या पोरांना एक सांगायचंय, कारण त्यांचे बोर्ड मीच रंगवतो. दर तिसरा बोर्ड मालवणी अमुक नाहीतर कोकण तमुक. नुसतं गावाचं किंवा वस्तूचं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे कायद्याने फक्त आपलं म्हणून, सहसा मिळत नाही, वर्षानुवर्षं वापरून तुमचीच ओळख झालीय असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. काहीतरी आपलं नाव शोधा, आजीचं, घराचं, वाडीचं. एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची फी एका क्लासला, म्हणजे एका प्रकारच्या मालाला किंवा सेवेला, ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षं चालते मग रिन्यू करायची, आणि नोंदणी व्हायच्या आधी नावापुढे गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, लावू नका, कायद्याने त्याला दंड आहे. मला सांगतात लावायला, मी नाही लावत. नोंदणी नसली तरी आधीपासून वापरणाऱ्याला कायद्यात हक्क असतो, पण तो सिद्ध करावा लागतो, म्हणून जुनी बिलं आणि जुन्या बोर्डाचे तारखेसकट फोटो टाकून देऊ नका.

भाच्यावर राग नाही, त्याने चांगल्यासाठीच सांगितलं. कार्डांचा गठ्ठा अजून आहे, मागच्या कोऱ्या बाजूवर रंगाचे हिशोब लिहितो.

माझं नाव छापू नका, इथे सगळे ओळखतातच. आचऱ्याकडच्या दोन होड्यांवर अजून तो जुना नंबर आहे, सध्या त्या समुद्रात आहेत, जूनमध्ये वर ओढल्या की बदलतो.

आपला,
एक बोर्ड पेंटर, मालवण