डॉक्टर, तुम्ही बूट धुतलेत म्हणून

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. आमच्या वाडीतल्या माणसांना मात्र वाचल्या वाचल्या कळेल, आणि त्यांना कळावं म्हणूनच हे सगळ्यांसमोर लिहितेय. पाऊस सरला, भात कापून झालं, तरी आमच्या आजारी शेळ्या बघायला तुम्ही आलात ती संध्याकाळ आठवली की माझा गळा भरून येतो. तोंडावर आभार मानायला गेले तर तुम्ही बॅग उचलून चालू पडाल, म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कोणाला उमगायचं नाही. जुलै चालू होता. वरच्या वाडीत कोणीतरी आठवडी बाजारातून बोकड आणला, त्याच्या नाकातून शेंबूड गळत होता म्हणतात. थोड्याच दिवसांत आमच्याही शेळ्यांनी पाला हुंगून तोंड फिरवायला सुरुवात केली. एरवी मी फणसाची डहाळी घेऊन आले की शेळ्या राहतात त्या उंच मचाणाच्या फळ्या दणाणतात. त्या सकाळी सगळ्या गप्प उभ्या, डोळ्यांना चिपडं, कान तापलेले, आणि मचाणाखाली लेंड्यांच्या जागी नुसतं पाणी.

आमच्या शेळ्या कोकण कन्याळ. काळं अंग, तोंडावर दोन्ही बाजूंनी नाकापासून कानापर्यंत पांढरा पट्टा, पाय पांढरे. सिंधुदुर्गातलीच ही जात, इथल्या पावसात आणि चढउतारात टिकणारी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होडी शाकारून ठेवलेली असते. त्या दिवसांत घरात जो पैसा येतो तो शेळ्यांचा. मुलीची कॉलेजची फी त्यातून, गणपतीचं सामान त्यातून.

ज्यांना पहिला फोन केला ते म्हणाले, पावसात शेळ्यांना असं होतंच, हिरवं बंद करा. दुसरे एकजण आले. वरच्या वाडीतून आले ते थेट मचाणावर चढले, पायाला तिथला चिखल तसाच. एकच सुई काढली आणि आजारी, निरोगी, गाभण, सगळ्यांना टोचत सुटले. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "सुई बदलूक नको?" तर उत्तर आलं, "शेळ्याच तर आहेत." पैसे मोजून घेतले आणि गेले. काय टोचलं ते कागदावरसुद्धा लिहून दिलं नाही. मला आजही त्या माणसाचा राग येतो आणि तो जावा असं मला वाटतही नाही. ज्याला जनावर नकोसं वाटतं त्यानं हा धंदा करू नये.

मग तुम्ही आलात. नंबर कोणी दिला, निरोप कसा पोचला, ते सगळं सोडते. दिवेलागणीची वेळ होती, रेनकोटावरून पाणी निथळत होतं. मी तुम्हाला मचाणाकडे न्यायला निघाले तर तुम्ही अंगणातच थांबलात. म्हणालात, "आधी बादलीभर पाणी द्या. आणि एखादा जुना ब्रश." मला वाटलं, पाय धुवायचे असतील. तुम्ही बॅगेतून जंतुनाशकाची बाटली काढून पाण्यात ओतलीत, आणि वाकून गमबूट घासायला लागलात. आधी वरून, मग तळवे. टाचेच्या खाचेत अडकलेला चिखल माडाच्या हिराने उकरून काढलात. पाठीवर पाऊस कोसळत होता. मी म्हटलं, द्या इकडे, मी घासते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वरच्या वाडीतून आलोय. तिथलं दुखणं माझ्या पायांनी तुमच्याकडे नको."

आमच्याकडे दुखणं तर आलेलंच होतं, डॉक्टर. तुम्हाला ते फोनवर सांगितलं होतं. तरी ज्या दोन-चार शेळ्या अजून धड होत्या त्यांच्यासाठी तुम्ही पावसात वाकून बूट घासत होतात. आणि निघताना, रात्री, तेच पुन्हा केलंत, कारण पुढे खालच्या वाडीत जायचं होतं. त्या अंधारात तुम्हाला कोण बघणार होतं? न धुता गेला असतात तर कोणी जाब विचारला असता? सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "असो डॉक्टर मी पयल्यांदाच बघतंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या बाईनं जन्मभर गुरंशेळ्या सांभाळल्या, तिच्या मचाणावर चढताना कोणीतरी एवढी काळजी घेतली, ते तिला लागलं.

तुम्ही हिरड्या बघितल्यात, पापण्या उलटून बघितल्यात, ताप मोजलात आणि सरळ सांगितलंत की हा पीपीआर आहे, शेळ्यामेंढ्यांचा साथीचा विषाणूरोग, माणसाला होत नाही, मुलांना घाबरवू नका. विषाणूवर औषध नाही, पण फुप्फुसात आणि तोंडात नंतर जे चिघळतं त्यावर आहे. धडधाकट शेळ्या घराच्या पडवीत आणायला लावल्यात, आजारी मचाणावर राहू दिल्यात. प्रत्येक शेळीला नवी सुई. तोंडातल्या फोडांना बोरोग्लिसरीन कसं लावायचं ते माझ्या मुलीच्या हातून करून घेतलंत. चावता येत नाही म्हणून पातळ पेज मीठ घालून, पण बाटली घशात कोंबायची नाही, नाहीतर फुप्फुसात जाते, हेही तेव्हाच कळलं.

सलाइन उतरत होतं तेव्हा तुम्ही सासूबाईंजवळ बसलात. त्यांनी बुळकांडीची गोष्ट काढली, त्यांच्या लहानपणी गोठेच्या गोठे रिकामे झाले होते ते. तुम्ही सांगितलंत की बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली म्हणून जाहीर झालं आणि हा पीपीआर तिचाच भाऊबंद. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९८७ साली तमिळनाडूत सापडला. हिमाचलातल्या सुंगरी गावच्या शेळ्यांत मिळालेल्या विषाणूपासून आपल्याच शास्त्रज्ञांनी लस बनवली, आणि एकदा टोचली की साधारण तीन वर्षं शेळी सुरक्षित राहते. २०३० पर्यंत हाही रोग जगातून घालवायचं ठरलंय, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "तवसर मी रवतलंय." म्हणजे तोवर मी असणारच. एवढ्या काळजीत त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी पुढचं बोललं.

आमची चांदी नावाची शेळी गेली. तुम्ही तिच्याबद्दल खोटी आशा दाखवली नव्हतीत. "ही वाचेल असं वाटत नाही, त्रास तेवढा कमी करतो," म्हणालात, आणि ते केलंत. काजळी गाभडली, पण उठली. बाकीच्या एकेक करत पाल्याला तोंड लावायला लागल्या. पडवीतल्या शेळ्यांना काहीही झालं नाही. एकीलाही नाही.

मी शिकलेली फार नाही, पण माणसं पुष्कळ बघितली. हुशार माणसं पुष्कळ असतात. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून आधी स्वतः वाकणारी माणसं कमी. औषधाच्या दुकानदारानं त्या रात्री शटर पुन्हा उघडून सलाइनच्या बाटल्या दिल्या, शेजारच्या पोरानं भिजत मोटारसायकलवरून आणल्या, तेही त्यातलेच. अशी माणसं आजूबाजूला असली की गावात राहण्याचा धीर येतो. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, पुरस्कार दुसऱ्यांना मिळतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तेव्हापासून आमच्या वाडीत शेळ्या असलेल्या प्रत्येक दारी बादली आणि ब्रश आहे. बाजारातून नवं जनावर आलं तर तीन आठवडे वेगळं बांधतो, तुम्ही सांगितलं होतंत तसं. मे महिन्यातली आंत्रविषाराची, म्हणजे शेळीच्या आतड्यात विष तयार होतं त्या रोगाची, लसही आता कोणी चुकवायचं नाही असं ठरलंय. काजळी पुन्हा गाभण आहे.

आता एक काम आहे. पीपीआरची लस राहिलेल्या शेळ्या आणि लस टोचण्याच्या वयाची झालेली करडं मिळून आम्ही बायकांनी यादी केली आहे, वरच्या वाडीचीही नावं त्यात घेतली आहेत. तुम्हाला सोयीचा वार कळवा. त्या सकाळी कोणी शेळ्या चरायला सोडणार नाही, सगळ्या दावणीला असतील. जेवण आमच्याकडेच करायचं आहे, त्यात नाही म्हणू नका. सासूबाई विचारतायत, तुम्ही मासे खाता ना?

आपली कृतज्ञ,
मालवण तालुक्यातली एक शेळीवाली