पाऊस पडायच्या आत पाणवेली काढायच्या आहेत, नदीवर या

नाशिककरहो,

दसक-पंचकच्या घाटावर सध्या उभं राहिलात, तर समोर गोदावरी आहे की कोथिंबिरीचं वावर, असा प्रश्न पडेल. पाणवेलींनी, म्हणजे जलपर्णीने, पात्र झाकून टाकलंय. "जाऊ द्या, पाणी आलं की जातील वाहून," असं आपण दरवर्षी म्हणतो.

जातात खऱ्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुटतो, पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागतं आणि आपलं पात्र मोकळं होतं. पण त्या पाणवेली थेट खाली निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात जाऊन थांबतात. रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत जागा, मिळालेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ. थंडीत दुरून आलेल्या बदकांना उतरायला तिथे उघडं पाणी लागतं. आपल्या दारातली पीडा आपण त्यांच्या दारात ढकलतो, हे आम्हाला मनापासून खुपतं.

आणि इथूनही ती पुरती जात नाही. गेल्या रविवारी काठाशी एक रोप ओढलं, तर पांढरट दोरीसारख्या धुमाऱ्यांना लोंबत मागून चार पिल्लं आली. काळ्या केसाळ मुळांत दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट अडकलेला. अशी चार रोपं कोपऱ्यात राहिली तरी पुरे. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होतात. बी तर चिखलात १५-२० वर्षं तग धरतं. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेची म्हणून आपल्याकडे आली. तिला खाऊन आटोक्यात ठेवणारे किडे मागेच राहिले, आणि खत आपलं सांडपाणी पुरवतं. नाल्यांचं पाणी थांबल्याशिवाय ती कायमची जाणार नाही, हे मान्य. त्यासाठी पाठपुरावा चालूच आहे. तोवर हात बांधून बसवत नाही.

एक कळकळीची विनंती. घरातल्या फिश टँकमधले मासे, कासव, शोभेच्या वेली नदीत सोडू नका. मध्यंतरी एक ताई बादलीतून सकर मासा घेऊन घाटावर आल्या होत्या. मारवत नाही म्हणून सोडायला. भावना चांगली होती, पण त्या माशाची काटेरी, चिलखती कातडी जाळी फाडते आणि आपल्या माशांच्या वाट्याचं अन्न तो खातो. तो नदीत वाढला की बाहेर काढणं जवळपास अशक्य. दुकानदाराला परत द्या, नाहीतर आमच्याकडे आणा, आम्ही त्याला टाकी शोधून देऊ.

येत्या रविवारपासून पाऊस सुरू होईपर्यंत दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ दसक-पंचकच्या घाटावर काम चालेल. पाण्यात फक्त पोहता येणारेच उतरतील, तेही लाइफ जॅकेट घालून. बाकीच्यांना काठावर ओढायला आणि ट्रॉलीत भरायला भरपूर काम आहे. ओल्या पाणवेलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ढीग भयंकर जड होतो. म्हणून सगळ्यात मोठी गरज ट्रॅक्टर-ट्रॉलीची आणि डिझेलची. त्याखालोखाल लाइफ जॅकेट, गमबूट, रबरी हातमोजे, लांब बांबू, नायलॉनचा दोर. रोख मदतीची पावती घाटावरच मिळेल आणि रविवारचा खर्च त्याच दिवशी फळ्यावर लिहिला जाईल.

काढलेल्या पाणवेली काठावर ठेवायच्या नाहीत, पहिल्याच सरीत परत पाण्यात जातात. त्या वाळवायला पाण्यापासून दूर मोकळी जागा हवी. कुणाची पडीक जमीन असेल तर जरूर कळवा. जनावरांना मात्र कृपया घालू नका, सांडपाण्यातलं विष त्या शोषून घेतात.

येताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. चहा-पोहे आमच्याकडून.

गोदाकाठचे स्वयंसेवक, दसक-पंचक