रविवारची पोपटी सहल : सर्व सदस्यांनी वाचावे

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी 6:30 ला पुण्याच्या चांदणी चौकातून निघायचं. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, कोलाड करत दुपारपर्यंत रोहा. घाई कुणालाच नाही. मुळशीच्या पाण्यावरचं धुकं थांबून बघण्यासारखं असतं, म्हणून चहा तिथेच.

रोह्याजवळ सदस्यांच्याच शेतावर पोपटी, म्हणजे जाळात भाजलेलं मडक्यातलं जेवण, लावणार आहोत. मडक्याला आतून भांबुर्डा या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं आणि तो वास शेंगांत उतरतो. हे थंडीतच जमतं, म्हणून शक्यतो चुकवू नका.

• शाकाहारींचं मडकं वेगळं लागेल. गुरुवारपर्यंत संख्या कळवा, शेंगा त्याप्रमाणे घ्यायच्या आहेत.
• गाडीत जागा असेल तर सांगा. गाड्या कमी तेवढं बरं.
• ताम्हिणी अभयारण्य आहे. घाटात कचरा, मोठ्याने गाणी, माकडांना खायला देणं नको. मद्य अजिबात नाही.
• ताट-वाटी घरून आणा.
• जाळाजवळ मुलांना एकटं सोडू नका. निखारे पूर्ण विझवल्याशिवाय कुणीही निघायचं नाही.