गायकाकडून थेट गाणे घेताना

महोदय,

शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे मी जवळपास चाळीस वर्षे विकत घेत आलो आहे आणि त्यांतली बहुतेक टपालाने मागवलेली आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांपासून मात्र मी ती बहुतेक वेळा कलाकारांकडूनच थेट डाउनलोड करून घेतो. हा बदल मला मनापासून हवासा वाटतो. पण या बदलात एक मोलाची गोष्ट, म्हणजे ध्वनिमुद्रणासोबत येणारा माहितीचा कागद, हातची जाऊ लागली आहे, तिच्याकडे पुण्यातील गायक-वादकांचे आणि रसिकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कॅसेटच्या काळात विक्रेत्याची छापील यादी घरी येत असे. तिच्यावर खुणा करायच्या, मनीऑर्डर पाठवायची किंवा व्ही.पी.ने मागवून पोस्टमनच्या हातात दारातच पैसे ठेवायचे, असा क्रम असे. पुडके यायला कधी तीन आठवडेही लागत. सुतळी सोडून डबी उघडली की आत घडी घातलेला एक कागद निघे आणि त्यावर राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, क्वचित तानपुऱ्यावर कोण, एवढे सगळे बारीक टाइपात छापलेले असे. साथीदारांची नावे मला कळली ती या कागदांमुळेच. पुढे मैफलीला गेल्यावर तबलजींचा हात ओळखू येऊ लागला, त्याचे श्रेयही मी त्या कागदांनाच देतो.

टपालाच्या अडचणीही मी पुरेपूर भोगल्या आहेत. गेल्याच वर्षी एका विक्रेत्याकडून मागवलेल्या तीन सीडींच्या संचातली मधली सीडी तडकलेली निघाली आणि ती बदलून मिळेपर्यंत अडीच महिने गेले. पुण्याच्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर धरणारी बुरशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जपणुकीचे हाल वेगळे सांगायला नकोत. शिवाय दुकानदार, वितरक, कंपनी आणि टपालखर्च यांतून गायकापर्यंत किती पोहोचत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडत असे; कित्येकांनी तर एकरकमी मानधन घेऊन हक्क लिहून दिलेले होते.

थेट खरेदीत हा हिशेब उघड असतो. कलाकारांना आपले संगीत थेट विकू देणारे, २००८ मध्ये सुरू झालेले बँडकॅम्प हे संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के ठेवते, म्हणजे ५०० रुपयांच्या ध्वनिमुद्रणातले ४२५ रुपये, पैसे वळते करण्याचा खर्च वगळता, कलाकाराचे. यूपीआय आल्यापासून तर गायकाच्या खात्यात परस्पर पैसे भरून त्याच्याकडून फाइल मागवणेही सोपे झाले आहे. आणि आपल्या संगीताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळेचे बंधन सुटले. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अर्ध्या तासाला बाजू उलटावी लागे, त्यामुळे संथ लयीतला विलंबित ख्याल ऐन रंगात आला असताना तुटत असे. आज दीड तासाचा ख्याल अखंड मिळतो, फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात घेतला तर सीडीइतका स्वच्छ मिळतो, आणि इंटरनेट नसले तरी तो आपल्या संगणकावर आपलाच राहतो.

मात्र दोन महिन्यांपूर्वी एका तरुण गायिकेकडून मी असे ध्वनिमुद्रण घेतले, तेव्हा फाइलवर फक्त तिचे नाव आणि ‘लाइव्ह २ फायनल’ एवढेच होते. राग ओळखता आला, पण द्रुत बंदिशीचे काही शब्द लागेनात, आणि तबल्याची साथ इतकी समंजस होती की ती कोणाची, हे कळल्याशिवाय चैन पडेना. अखेर फोन करून विचारले. तिने अतिशय आपुलकीने सगळे सांगितले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. पण फोन न करणाऱ्या श्रोत्याच्या लेखी तो तबलावादक त्या मैफलीत नव्हताच! ही चूक त्या गायिकेची एकटीची नाही. पूर्वी कंपनीतले कोणीतरी जे काम करीत असे, ते आता कलाकारावर येऊन पडले आहे आणि ते आपले आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

म्हणून कलाकारांना माझी विनंती आहे की, प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत एका पानाची पीडीएफ द्यावी: राग, ताल, बंदिशीचे शब्द व रचनाकार, सर्व साथीदारांची नावे, स्थळ आणि तारीख. विक्रीतला साथीदारांचा वाटाही आधीच ठरवावा. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टी मिळण्याचा कलाकाराचा हक्क मान्य केला आहे, आणि वादकही त्या अर्थाने कलाकारच आहे. रसिकांनीही एकाने विकत घेतलेली फाइल व्हॉट्सॲपवर पन्नास जणांना पाठवणे थांबवावे. सीडी मित्राला ऐकायला दिली की ती आपल्या घरातून जात असे. फाइलचे तसे नसते, आणि तिथे बुडणारे पैसे थेट गायकाचे असतात.

ज्यांच्याकडे टपालाने आलेल्या कॅसेट आणि सीडी अजून आहेत, त्यांनी फिती टाकून द्यायची वेळ आली तरी आतले कागद जपून ठेवावेत. माझ्याकडचे कागद मी सध्या एकेक करून स्कॅन करीत आहे. त्यांतली काही नावे मला दुसरीकडे कुठेच सापडलेली नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक
सदाशिव पेठ, पुणे ३०