आधी सीट उचलावी, मग भाव करावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत अलीकडे ‘पोर्तुगीज काळातील गाडी, मूळ स्थितीत, किंमत समक्ष’ अशा धर्तीच्या ओळी वरचेवर दिसू लागल्या आहेत, आणि त्या वाचून गाडी पाहायला निघालेल्या तिघांनी गेल्या वर्षभरात मला सोबत नेले. विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त मोटारींचे नुकसान ठरवण्याचे काम मी तीस वर्षे केले, त्यामुळे मोडक्या गाडीपुढे उभे राहून आकडा सांगण्याची सवय अंगात मुरलेली आहे. त्या सवयीच्या बळावर एक गोष्ट मांडतो. डागडुजी न झालेल्या जुन्या गाडीची किंमत तिच्यात आज काय शिल्लक आहे यावरून ठरते. दुरुस्त झाल्यावर ती कशी दिसेल यावरून ठरत नाही. आपल्याकडचे बहुतेक सौदे नेमके या दुसऱ्या हिशेबाने होतात.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात युरोपातील गाड्या थेट येत असत, आणि म्हणून शेजारच्या मुंबई इलाख्यात हिंदुस्थान नि फियाट यांवर भागवले जात असताना इथल्या गावागावांत फोक्सवॅगन, ओपेल, मर्सिडीज दिसत. मर्सिडीजच्या टॅक्सीतून माझ्या पिढीने प्रवास केला आहे. त्यांतल्या काही गाड्या अजून अंगणातल्या पडवीत, नारळाच्या झावळ्यांच्या ढिगामागे उभ्या आहेत. त्या किती आहेत याची मोजदाद कुणाकडे नाही, पण जाहिराती वाढल्या आहेत एवढे खरे.

गेल्या श्रावणात बार्देशातील एका घरी आम्ही फोक्सवॅगनची बीटल पाहायला गेलो. जाहिरातीत सन १९५६ असे दिले होते. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि मागची काच चौकोनी दिसली. बीटलची मागची काच १९५३ पासून लंबगोल असे, आणि ऑगस्ट १९५७ पासून ती मोठी व चौकोनी झाली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. दाराच्या मागच्या खांबात मात्र वळण दाखवणारे छोटे हात, म्हणजे झडपेसारखे बाहेर येणारे जुने दर्शक, जागेवर होते, आणि ते १९६० मध्ये बंद झाले. म्हणजे गाडी या दोन खुणांच्या मधली. काच मागाहून पत्रा कापून बसवलेली असू शकते, असे करणारेही पुष्कळ झाले. म्हणून चेसिस क्रमांक पाहणे भाग होते, आणि बीटलमध्ये तो मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर, म्हणजे फरशीच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर, कोरलेला असतो. फोक्सवॅगनच्या क्रमांकांचे महिन्यावार तक्ते छापलेले आहेत. त्यावरून गाडी १९५९ ची निघाली. घरच्यांनी खोटे सांगितले होते असे मुळीच नाही. १९५६ हे आजोबांच्या लग्नाचे वर्ष होते, आणि घरात गाडी व लग्न यांची आठवण एकमेकांत मिसळून गेली होती.

त्या घरातील वयस्क बाईंनी आम्हांला सांगितले, “म्हज्या पायन पावसांत ती केन्नाच भायर काडूंक ना,” म्हणजे त्यांच्या वडिलांनी ती पावसात कधीच बाहेर काढली नाही. माझा त्यांच्यावर अविश्वास नव्हता, परंतु गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पत्रा खायला त्या पावसाने गाडीवर पडावेच लागते असे नाही. मातीच्या जमिनीवर उभ्या केलेल्या गाडीला खालून चढणारा ओलावा खातो, आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री घातली असेल तर तो ओलावा आत कोंडून राहतो. ही गाडी सिमेंटच्या कोब्यावर होती. ताडपत्री मात्र होती.

मागची सीट उचलली तेव्हा काथ्याचे पॅडिंग भुगा होऊन हातात आले. बीटलची बॅटरी या सीटखाली उजव्या बाजूला असते, आणि तिच्यातून झिरपलेल्या ॲसिडने तिथला पत्रा इतका खाल्ला होता की बॅटरीच्या जागी खालचा कोबा दिसत होता. घरच्यांचे चेहरे उतरले. मला मात्र उलट हायसे वाटले, कारण भोक बॅटरीपुरतेच होते. टोचा घेऊन बाकीची फरशी तपासली तेव्हा पत्रा कुठेच दबला नाही. बीटल २ कोटी १५ लाखांहून अधिक बनल्या आणि मेक्सिकोत ३० जुलै २००३ पर्यंत बनत होत्या, त्यामुळे फरशीचा पत्रा नवा मिळतो. खरी काळजी असते दारांखालच्या पोकळ पट्ट्यांची. त्यांतून इंजिनची गरम हवा आत येते, म्हणून त्यांना हीटर चॅनल म्हणतात. गोव्यात गाडीतल्या हीटरचा उपयोग कुणाला झाला असेल तो झालाच, पण बॉडीचा भार याच पट्ट्या पेलतात. दार उघडे ठेवून त्या बाजूला जॅक लावला आणि दार पुन्हा बंद करून पाहिले. फट बदलली नाही. या एका तपासणीने त्या गाडीच्या किमतीचा निम्मा प्रश्न सुटला असे मी मानतो.

याच्या अगदी उलट अनुभव माझ्या भाच्याचा आहे. त्याने मला न विचारता एक फियाट ११०० घेतली, कारण ती आरशासारखी चमकत होती. घरी आणल्यावर मी पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यावर फिरवले, तर मडगार्डावर आणि दारांच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर ते कुठेच धरेना. गॅरेजात जिला लांबी म्हणतात ती पुट्टी तिथे बोटभर जाड भरली होती, आणि तिच्याखाली पत्रा नव्हताच, जाळी होती. चमकदार गाडीत पैसे रंगाचे पडतात आणि दोष रंगाखाली विकत मिळतात. न रंगवलेल्या गाडीचा मोठा गुण हाच की तिचा गंज उघड्यावर असतो.

रंगाबद्दल आणखी एक. विकायची म्हणून गाडी धुऊन, पॉलिश करून, वर जमल्यास एक हात मारून ठेवण्याची घाई आपल्याकडे फार. मूळ रंग, फिका पडलेला का असेना, परत आणता येत नाही. दाराच्या कडेला, बॉनेटच्या आतल्या बाजूला, पायपुसण्याखाली आणि डॅशबोर्डच्या मागे एकच रंग असेल, दाराच्या रबरावर फवाऱ्याचे ठिपके नसतील, स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या नसतील, काचांवर मूळ कारखान्याची खूण असेल, तर त्या गाडीच्या किमतीतून रंगकामाचा खर्च वजा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या, वर्गवारीतही जशीच्या तशी राहिलेली गाडी आणि पुनर्बांधणी केलेली गाडी वेगळ्या गणल्या जातात. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये बायों कुटुंबाच्या शेडमधील ५९ गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी धुळीसकट १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. मात्र हे उदाहरण मला विक्रेत्यांकडून इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की त्याचा उल्लेख करतानाही धास्ती वाटते. ती किंमत धुळीची नव्हती. त्या मॉडेलच्या गाड्या जगात मोजक्याच आहेत आणि ती कुणी वापरली याचा इतिहास कागदोपत्री होता. आपल्या पडवीतल्या फियाटवर तशीच धूळ बसली म्हणून तिला तो भाव येत नाही.

आता इंजिन. गाडी पाहायला गेलेला माणूस पहिली मागणी करतो ती ‘सुरू करून दाखवा’ अशी, आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीबाबत याहून वाईट मागणी नाही. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीवर गंजाची साय असते, आणि एका सेल्फच्या झटक्यात पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लग काढावेत, प्रत्येक बोअरमध्ये थोडे ऑइल सोडावे, रात्रभर थांबावे आणि मग पुली पान्याने हळू फिरवून पाहावी. बीटलबाबत याच्याबरोबर क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ओढून पाहावी. क्रँकची ती चाल कारखान्याच्या मर्यादेप्रमाणे ०.१५ मिलिमीटरच्या आत असायला हवी, म्हणजे हाताला ती जेमतेम जाणवते. खट्ट असा आवाज आला तर इंजिन पूर्ण उतरवावे लागणार असे समजून चालावे. एवढे करूनही इंजिन जाम निघाले तरी मी फार भाव पाडत नाही. यंत्राचे भाग मिळतात, न मिळाल्यास लेथवर होतात. समोरची जाळी, दिव्यांच्या काचा, मूळ घड्याळे, नावाच्या पट्ट्या, स्टिअरिंगवरची हॉर्नची अंगठी हे होत नाही. बीटलचे हे सारे अजून विकत मिळते. एखाद्या ओपेलची जाळी गहाळ असेल तर ती शोधण्यात वर्षे जातात. म्हणून डिकीत, माळ्यावर आणि कोठारात पडलेला प्रत्येक सुटा भाग गाडीबरोबर मागून घ्यावा.

गाडी कधीपासून उभी आहे हे मालकाला नीट सांगता येत नसेल तर टायर सांगतात. सन २००० पासून टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. २३०४ म्हणजे २००४ चा तेविसावा आठवडा. त्या बीटलवर तो शिक्काच नव्हता, म्हणजे टायर सन २००० पूर्वीचे, आणि गाडी बहुधा वीसेक वर्षे तरी रस्त्यावर नव्हती. घरच्यांनी ‘दहा-बारा वर्षे’ असे सांगितले होते.

हिशेब करताना मी त्याच मॉडेलची धडधाकट गाडी प्रत्यक्षात कितीला विकली गेली तो आकडा धरतो. मागितलेला भाव धरत नाही, कारण तो जाहिरातीत फुकट छापता येतो. समजा तो आकडा सहा लाख असला आणि पत्राकाम, इंजिन, ब्रेक, वायरिंग व आतले काम मिळून गॅरेजवाल्याने अडीच लाख सांगितले, तर ते अडीच लाख मी साडेतीन धरतो, कारण माझ्या अनुभवात गॅरेजचा पहिला अंदाज शेवटचा कधीच ठरलेला नाही. उरले अडीच. त्यात गाडीत सारे भाग असतील आणि मूळ रंग टिकला असेल तर थोडे चढवावे, अन्यथा तिथेच थांबावे. विकणारा मात्र सहा लाखांतून पन्नास हजार वजा करतो आणि ‘थोडेच काम आहे’ म्हणतो.

कागदांचे प्रकरण वेगळे आणि अधिक अवघड. केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षे झालेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. ब्रिटनमध्ये व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतची गाडी असा जुना दंडक आहे, आपल्याकडे तो शब्द बराच सैल झाला, ते असो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, ती दहा वर्षे चालते आणि पुढे ५ हजारांत नूतनीकरण होते; पण अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्या तिघांसोबत मी गेलो त्यांपैकी एकाने पाहिलेल्या मर्सिडीजमध्ये पूर्वी कधीतरी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवलेले होते. त्या काळी पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कित्येकांनी तसे केले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या गाडीला आज व्हिंटेज म्हणून भाव मागणे गैर आहे. भाच्याच्या फियाटची गत याहून वाईट. तिच्या क्रमांकाची पट्टी नव्या रिव्हेटांनी बसवलेली होती आणि चेसिसवरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळत नव्हता. नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले, आणि ते योग्यच झाले. ज्याने ती विकली तो आता फोन उचलत नाही.

गोव्यात याच्या जोडीला वारसांचा प्रश्न असतो. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंचवीस वर्षे झाली, नाव कुणीच बदलले नाही, आणि मुले-नातवंडे मडगाव, मुंबई व लिस्बन अशी विखुरलेली. इथल्या वारसा कायद्यात सर्वांचा हिस्सा धरला जातो, त्यामुळे घरात राहणाऱ्या एकट्याने ‘विकली’ म्हटल्याने ती विकली जात नाही. वाहतूक खात्याला माझी विनंती आहे की, जीडी अक्षरांच्या जुन्या क्रमांकांची पुस्तके तालुका कार्यालयांत जिथे शाबूत असतील तिथे त्यांतील नोंदीचा उतारा खरेदीपूर्वी लेखी अर्जावर मिळण्याची सोय करावी. चेसिस नि इंजिन यांचे क्रमांक आणि शेवटच्या मालकाचे नाव एवढे जरी कळले तरी माझ्या भाच्यासारख्यांचे पैसे वाचतील.

बार्देशातल्या त्या बीटलचा सौदा अजून झालेला नाही. मी सांगितलेला आकडा घरच्यांनी मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडा वर होता. बाईंना तो पटला, त्यांच्या लिस्बनच्या भाचीला पटला नाही. निर्णय होईपर्यंत ताडपत्री काढून सुती चादर घालावी, बॅटरी बाहेर ठेवावी आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलावी, एवढे मी सुचवले, आणि पुढच्या खेपेस गेलो तेव्हा तिन्ही केलेले होते. धुतलेली मात्र नव्हती.

आपला नम्र,
एक निवृत्त मोटार सर्वेक्षक, फोंडा